टिचकी चिचुंद्रीचं हिरवं वाटण

परसात होती एक वीट. विटेखाली होतं एक बीळ. बिळात राहायची टिचकी चिचुंद्री.

टिचकी एवढीशी. नाक लांब. शेपूट बारीक. चालायची तुरुतुरु तुरुतुरु. बोलायची चुंई चुंई.

टिचकीला तीन पिल्लं होती. गुलाबी गुलाबी. मऊ मऊ. पण पिल्लांना नावंच नव्हती. थोरल्याला म्हणायचं "ए". मधल्याला म्हणायचं "ए". धाकटीलाही म्हणायचं "ए". टिचकी हाक मारायची, "ए, इकडे ये!" की तिघंही धावायची. धडाड! डोक्यावर डोकं.

म्हणून आज होतं बारसं.

चिचुंद्रीच्या घरी एक रीत असते. पिल्लाच्या जिभेला हिरवं वाटण लावायचं. मग कानात नाव सांगायचं. वाटण नाही, तर नाव नाही.

टिचकी सकाळीच कामाला लागली. कोथिंबीर निवडली, खुडुक खुडुक. लसूण सोलली, सळक सळक. आलं ठेचलं, ठक ठक. मिरची मोडली, कट! ओला नारळ खोवला, खरक खरक. मीठ टाकलं चिमूटभर. लिंबू पिळलं, टप टप. आणि सगळं पाट्यावर वाटलं. घर्र घर्र, घर्र घर्र.

झालं हिरवंगार वाटण! वास सुटला घमघम. टिचकीनं ते करवंटीत भरलं. करवंटी विटेवर ठेवली.

तेवढ्यात आला बोका. गुबगुबीत बोका. चालत कसा होता? डुलत डुलत. बघत कुठे होता? आभाळात. आणि शेपटी कुठे होती? करवंटीत!

फटाक्! करवंटी उलटी. वाटण मातीत.

"अहो बोकोबा!" टिचकी ओरडली. "माझं वाटण सांडलंत!"

"मी? छे छे! मी नाही सांडलं. शेपटीनं सांडलं."

"शेपटी कुणाची?"

"शेपटी माझी. पण सांडलं तिनं. तिला विचार."

टिचकीनं शेपटीला विचारलं. शेपटी हलली. टप टप. पण बोलली काहीच नाही.

"बोकोबा, माझं वाटण द्या."

"मी बोका. राजबिंडा बोका. मी का वाटणं वाटत बसू? जा पाट्याकडे!"

आणि बोका उन्हात पसरला. मोठ्ठी जांभई दिली. आऽऽ!

टिचकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. आली पाट्याजवळ.

"पाटेदादा, पाटेदादा, वाटण द्या.
वाटण मिळालं की बारसं होईल!"

पाटा पडला होता भिंतीला टेकून. वरवंटा पडला होता पाट्याला टेकून. दोघंही काळेभोर. दोघंही जड.

पाटा म्हणाला, "मी पाटा. दगडाचा पाटा. सकाळी एकदा वाटलं. थकलो. बघ, घाम आलाय."

तो घाम नव्हता. लिंबाचं पाणी होतं.

"शिवाय कोथिंबीर कुठे आहे? मी काय वारा वाटू? आधी कोथिंबीर येऊ दे. आधी ती, मग मी!"

टिचकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. आली कोथिंबिरीच्या वाफ्यात.

"कोथिंबीरताई, कोथिंबीरताई, पानं दे.
कोथिंबीर आली की पाटा वाटण देईल.
वाटण मिळालं की बारसं होईल!"

कोथिंबिरीनं मान टाकली. इकडे टाकली. तिकडे टाकली.

"अगं बाई! माझ्याशी हळू बोल. मी कोथिंबीर. नाजूक कोथिंबीर. ऊन लागलं की मला चक्कर येते. वारा लागला की मला चक्कर येते. तू आलीस, तर बघ, पुन्हा चक्कर आली! आधी पाणी येऊ दे. आधी ते, मग मी!"

टिचकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. आली विहिरीजवळ.

"विहीरबाई, विहीरबाई, पाणी दे.
पाणी आलं की कोथिंबीर येईल.
कोथिंबीर आली की पाटा वाटण देईल.
वाटण मिळालं की बारसं होईल!"

विहीर आतून घुमली. घूंऽऽ!

"मी विहीर. खोल विहीर. माझ्यात आभाळ मावतं. माझ्यात चांदोबा मावतो."

"मग थोडंसं पाणी दे ना!"

"छे! ते नाही जमायचं."

बघा बरं! चांदोबा मावतो, पण घोटभर पाणी द्यायला जमत नाही.

विहीर म्हणाली, "मी वर येत नसते. माझ्याकडे खाली यावं लागतं. आधी पोहरा उतरू दे. आधी तो, मग मी!"

टिचकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. आली पोहऱ्याजवळ. पोहरा म्हणजे विहिरीतून पाणी काढायचं भांडं. पितळेचं. लखलखीत.

"पोहरेदादा, पोहरेदादा, विहिरीत उतरा.
पोहरा उतरला की पाणी येईल.
पाणी आलं की कोथिंबीर येईल.
कोथिंबीर आली की पाटा वाटण देईल.
वाटण मिळालं की बारसं होईल!"

"सरक, सरक," पोहरा म्हणाला. "माझ्यावर तुझी सावली पडतेय. मी पोहरा. पितळी पोहरा. चकचकीत पोहरा. बघ माझ्यात. काय दिसतं?"

टिचकीनं पाहिलं. "माझं नाक दिसतं."

"शी! नको बघूस," पोहरा म्हणाला. "माझ्या गळ्यात दोर नाही. दोराशिवाय मी कुठेही जात नाही. आधी दोर येऊ दे. आधी तो, मग मी!"

टिचकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. आली दोराजवळ. दोर पडला होता गोठ्यात. वेटोळं करून. आणि वेटोळ्यावर बसली होती शेळी.

"दोरदादा, दोरदादा, पोहऱ्याकडे चला.
दोर आला की पोहरा उतरेल.
पोहरा उतरला की पाणी येईल.
पाणी आलं की कोथिंबीर येईल.
कोथिंबीर आली की पाटा वाटण देईल.
वाटण मिळालं की बारसं होईल!"

"हळू बोल, माझा पीळ सुटेल," दोर म्हणाला. "मी दोर. पीळदार दोर. या घरात माझ्याएवढा पीळ कुणालाच नाही."

"खरंय," टिचकी म्हणाली. "चला आता."

"कसा चलू? माझ्यावर शेळी बसलीय. मी कुणाला 'उठा' म्हणत नसतो. आधी शेळी उठू दे. आधी ती, मग मी!"

टिचकीनं वर पाहिलं. शेळी तिथंच तर होती. टिचकीनं एक टुणकन उडी मारली. झालं, आली शेळीजवळ!

"शेळीमावशी, शेळीमावशी, जरा उठ.
शेळी उठली की दोर येईल.
दोर आला की पोहरा उतरेल.
पोहरा उतरला की पाणी येईल.
पाणी आलं की कोथिंबीर येईल.
कोथिंबीर आली की पाटा वाटण देईल.
वाटण मिळालं की बारसं होईल!"

शेळी चावत होती. चबर चबर. तोंडात काहीच नव्हतं, तरी चावत होती.

"मॅऽऽ! दिसत नाही का? मी कामात आहे."

"कसलं काम?"

"बसण्याचं. सकाळपासून बसलेय. कुणी 'दमलीस का' म्हणून विचारलं नाही. इंदूकाकू कोंडा घेऊन आल्या की मी उठते. आधी काकू उठू देत. आधी त्या, मग मी!"

टिचकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. ऊन उतरायला लागलं होतं. वाटेत आपलं बीळ लागलं. पिल्लं दारात बसली होती.

"आई, आमची नावं आली?"

"येताहेत रे, येताहेत," टिचकी म्हणाली. तिचे पाय दुखत होते. पण ते तिनं सांगितलं नाही.

आली पडवीत. पडवीत चटई होती. चटईवर इंदूकाकू होत्या. या घराच्या मालकीणबाई. तोंडावर पदर. पदर वर जात होता, खाली येत होता. घुर्रर्र फूऽऽ! घुर्रर्र फूऽऽ!

"इंदूकाकू, इंदूकाकू, उठा.
काकू उठल्या की शेळी उठेल.
शेळी उठली की दोर येईल.
दोर आला की पोहरा उतरेल.
पोहरा उतरला की पाणी येईल.
पाणी आलं की कोथिंबीर येईल.
कोथिंबीर आली की पाटा वाटण देईल.
वाटण मिळालं की बारसं होईल!"

काकूंनी एक डोळा उघडला.

"कोण गं? टिचकी होय? मी झोपले नाहीये बरं का. डोळे मिटून विचार करतेय."

"कसला विचार, काकू?"

"उठावं की नाही, याचा." काकूंनी कूस बदलली. "बोका दुधासाठी म्याव करतो ना, तेव्हा मी उठते. आधी बोका ओरडू दे. आधी तो, मग मी!"

घुर्रर्र फूऽऽ!

टिचकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. आली पुन्हा बोक्याजवळ. बोका अजून पसरलेलाच. ऊन सरकलं, तसा बोकाही सरकला होता. तेवढंच त्याचं काम.

"बोकोबा, बोकोबा, म्याव करा.
बोका ओरडला की काकू उठतील.
काकू उठल्या की शेळी उठेल.
शेळी उठली की दोर येईल.
दोर आला की पोहरा उतरेल.
पोहरा उतरला की पाणी येईल.
पाणी आलं की कोथिंबीर येईल.
कोथिंबीर आली की पाटा वाटण देईल.
वाटण मिळालं की बारसं होईल!"

बोक्यानं मिशी पुसली. या बाजूची पुसली. त्या बाजूची पुसली.

"मी बोका. राजबिंडा बोका. उगीच म्याव करत नाही. तोंडाला चव नाही आज. काहीतरी चटकदार हवं. सकाळी इथं एक हिरवं हिरवं वाटण होतं बघ. काय वास होता! ते आण. आधी वाटण येऊ दे. आधी ते, मग मी!"

ऐकलंत? वाटण सांडलं कुणी? बोक्यानं. आणि वाटण मागतंय कोण? बोका!

वाटण हवं, तर आधी म्याव हवं. म्याव हवं, तर आधी वाटण हवं. टिचकी गोल फिरली. गरगर गरगर. तिचं डोकंही फिरलं. गरगर गरगर.

तिकडे पाहुणे यायला लागले. बेडूकमामा आले, डुबुक डुबुक. पालमावशी आल्या, चुक चुक चुक. आणि टिचकीच्या हातात काय? काहीच नाही.

टिचकी मोरीमागे गेली. तिथं कुणी येत नाही. तिथं बसली आणि रडली. चुंई चुंई. चुंई चुंई.

"का गं रडतेस?"

कोण बोललं? टिचकीनं वर पाहिलं. मोरीच्या पाण्यावर एक रोप उगवलं होतं. लवंगी मिरचीचं. अंगभर बारक्या बारक्या मिरच्या. काही हिरव्या. काही लाल. रोपाला कुणी लावलं नव्हतं. कुणी पाणी घातलं नव्हतं. आपलं आपण उभं होतं.

टिचकी हुंदके देत म्हणाली,

"बोका ओरडला की काकू उठतील.
काकू उठल्या की शेळी उठेल.
शेळी उठली की दोर येईल.
दोर आला की पोहरा उतरेल.
पोहरा उतरला की पाणी येईल.
पाणी आलं की कोथिंबीर येईल.
कोथिंबीर आली की पाटा वाटण देईल.
वाटण मिळालं की बारसं होईल!
पण बोका ओरडतच नाही!"

"एवढंच ना?" मिरची म्हणाली. "मग घे मिरच्या."

टिचकीनं डोळे पुसले. "आधी कुणाला बोलावू?"

"कुणालाच नको."

"आधी काय आणून देऊ?"

"काही नको गं. मिरच्या आहेत. तुला हव्यात. घे! फक्त जपून. तिखट आहेत हं."

टिचकीचा विश्वासच बसेना. तिनं हळूच एक मिरची तोडली. कट! रोप काही बोललं नाही. दुसरी तोडली. कट! तरी काही बोललं नाही. टिचकीनं ओंजळभर मिरच्या घेतल्या आणि धावत सुटली. तुरुतुरुतुरुतुरुतुरु!

"बोकोबा, बोकोबा! वाटण नाही मिळालं. वाटणातली मिरची आणलीय. पण तिखट आहे हं. जरा जपून."

"मला सांगतेस?" बोका म्हणाला. "मी बोका. राजबिंडा बोका. मला काऽऽही तिखट लागत नाही. टाक तोंडात!"

बोक्यानं आ केला. आऽऽ! टिचकीनं एक मिरची टाकली. टुप! बोका चावला. कचकन!

बोका गप्प.

डोळे झाले गोल. मिशा झाल्या ताठ. शेपटी झाली बांबू.

"म्याऽऽऽव! म्याऽऽऽव! म्याऽऽऽऽऽव!"

बोका ओरडला, काकू उठल्या. "अगं बाई, काय झालं माझ्या राजाला?" म्हणत धावल्या. बोक्यापुढे दुधाची बशी ठेवली. आता उठल्याच आहोत, तर शेळीला कोंडा घालावा, म्हणून गोठ्यात गेल्या.

काकू उठल्या, शेळी उठली. मॅऽऽ! कोंडा! कोंडा!

शेळी उठली, दोर आला. काकूंनी झटकला, तसा सरळ झाला. सळसळ सळसळ.

दोर आला, पोहरा उतरला. ठण ठण ठण! पितळेला पोचा आला. बरं झालं.

पोहरा उतरला, पाणी आलं. डुबुक! खळखळ खळखळ.

पाणी आलं, कोथिंबीर आली. मान वर! चक्कर पळाली! मूठभर पानं टिचकीच्या हातात.

कोथिंबीर आली, पाट्यानं वाटण दिलं. लसूण टाकली, आलं टाकलं, नारळ टाकला, मीठ टाकलं, लिंबू पिळलं आणि लवंगी मिरच्या टाकल्या. घर्र घर्र, घर्र घर्र, घर्र घर्र!

झालं हिरवंगार वाटण! वास सुटला घमघम घमघम.

वास सुटला आणि सगळे जमले.

पाटा म्हणाला, "मी वाटलं म्हणून झालं!"

कोथिंबीर म्हणाली, "हिरवा रंग माझा!"

विहीर लांबूनच घुमली, "पाणी माझंऽऽ!"

पोहरा म्हणाला, "मी उतरलो!"

दोर म्हणाला, "मी उतरवलं!"

शेळी म्हणाली, "मी उठले! तेही बसलेली असताना!"

काकू म्हणाल्या, "माझ्याशिवाय या घरात काही होतं का?"

आणि बोका म्हणाला, "मी ओरडलो बरं का." असं म्हणाला आणि पटकन जीभ पुन्हा दुधात बुडवली.

टिचकीनं सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बारशाला आत्या लागते. पिल्लाच्या कानात नाव आत्या सांगते."

"मी आत्या!" कोथिंबीर म्हणाली.

"मी आत्या!" शेळी म्हणाली.

"मी आत्या!" बोकासुद्धा म्हणाला.

टिचकीनं पाळणा उचलला. वाटणाची करवंटी उचलली. पिल्लांना घेतलं. निघाली तुरुतुरु तुरुतुरु. कुठे निघाली? मोरीमागे! बेडूकमामा मागून, डुबुक डुबुक. पालमावशी मागून, चुक चुक चुक. बाकीचेही आले नाकं मुरडत. वाटण तिकडे गेलं होतं ना!

टिचकीनं लवंगी मिरचीखाली पाळणा ठेवला.

"मिरचीताई, तू आत्या."

मिरचीचं रोप थरथरलं. त्याच्याकडे आजवर बारशाला कुणी आलं नव्हतं. बारशालाच काय, कशालाच आलं नव्हतं. ते हळूच वाकलं. पाळण्यापर्यंत वाकलं.

टिचकीनं थोरल्याच्या जिभेला वाटण लावलं. ठसका लागला. खक् खक्! मिरची कानात म्हणाली, "कुर्रर्र! तुझं नाव ठसकू."

मधल्याच्या जिभेला वाटण लावलं. त्यानं मिटक्या मारल्या. मच् मच्! "कुर्रर्र! तुझं नाव मिटकू."

मग धाकटीच्या जिभेला वाटण लावलं. धाकटी लाल झाली. नाकातून पाणी आलं. डोळ्यांतून पाणी आलं. सगळे थांबले. आता रडते की काय?

धाकटीनं नाक पुसलं. हात पुढे केला आणि म्हणाली, "अजून!"

"कुर्रर्र!" मिरची म्हणाली. "तुझं नाव लवंगी."

मग पानं मांडली. गरम भात वाढला. भातावर वाटण वाढलं. सगळ्यांनी खाल्लं, हाऽऽ हाऽऽ करत, फूऽऽ फूऽऽ करत.

पानं उठली, भांडी घासली,
पाळण्यात पिल्लं गाढ झोपली.
त्यांची झोप तुम्हाला लागो,
गोष्ट आमची इथेच राहो!